विसरून खाल्लेली पेज

आमच्या कोकणी मुसलमानांत रोज्याची नियत रात्रीच करावी लागते. म्हणजे उद्याचा रोजा मी अल्लासाठी धरणार आहे, रमजानचा फर्ज म्हणून धरणार आहे, असं फजरच्या, पहाटेच्या नमाजाच्या, आत मनाशी ठरवावं लागतं. प्रत्येक रोज्यासाठी वेगळं, रोज रात्री. माझी नणंद मुंबईला हनफी घरात दिली आहे. तिच्याकडे म्हणे सकाळी उठून दुपारच्या आत नियत केली तरी रमजानचा रोजा होतो. आम्ही शाफई पंथाचे. आमच्याकडे झोप लागली, नियत राहिली, की तो दिवस गेला. आणि गेला म्हणून जेवताही येत नाही. महिन्याचा मान म्हणून मगरिबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत उपाशी राहायचंच, आणि वर ईदेनंतर त्या दिवसाच्या भरपाईचा कजा रोजा धरायचा. लहानपणी तळा गावात माहेरी मला हे फार अन्यायाचं वाटायचं. आता पन्नाशी ओलांडल्यावर अन्याय वगैरे वाटायची ताकद राहिलेली नाही. नुसती झोप येते.

लग्न होऊन आगरदांड्याला आले तेव्हा या घरात नियत विचारायचं खातं माझ्या सासूकडे होतं. त्यांना सगळेच अम्मा म्हणतात. रात्रीची तरावीहची नमाज आटोपली की अम्मा एकेका खोलीच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "नियत केलीस?" रात्री झोपताना कोणी गॅस बंद केला का विचारतं ना, त्या सुरात. मी नवी होते, घाबरून "हो" म्हणायचे. मग त्या म्हणायच्या, "बोल बरं." बोलावं लागायचं. एकदा मी पोपटासारखं घडाघडा म्हणून दाखवलं, तर त्या खाटेवर माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तोंडानं केलीस ती नियत न्हाय. तोंड नुसतं मनाला हाक मारतंय. मन आलं का जागेवर?" मन कुठलं येतंय. मन पहाटे सेहरीला खायला काय करायचं यात अडकलेलं. पण मी "आलं" म्हटलं आणि त्यांनी ते मानलं.

हे सांगायचं कारण, मागच्या रमजानला अम्मांच्या डोक्यातून जवळजवळ सगळं निसटलं होतं. नातवंडांची नावं गेली होती, नवरा वारल्याचं कधी आठवायचं, कधी नाही. मी सून आहे हे बहुतेक दिवशी ठाऊक असायचं, पण एकदा त्यांनी मला दिघीच्या फेरीबोटीवरची तिकीटवाली समजून सुट्टे मागितले. राहिली होती ती फक्त नियत. रात्री कूस वळता वळता त्या पुटपुटायच्या, "उद्याचा रोजा, रमजानचा फर्ज, अल्लासाठी." ते कधी चुकलं नाही. सकाळी मात्र त्याच रोज्याचा पत्ता नसायचा.

घरात आम्ही दोघीच. नवरा आखातात जहाजावर, मुलगा नवी मुंबईला, मुलगी सासरी. अम्मांना वीस वर्षांची साखर. रमजानच्या आधी शेजारच्या वाडीतल्या बाईंनी मला बजावलं होतं, त्यांना रोजे धरू देऊ नका. या बाई सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. नारळी-पोफळीची मोठी वाडी आहे, पण सकाळी आधी आमच्याकडे येऊन अम्मांच्या बोटाला सुई टोचून साखर बघतात आणि मगच पंपाचं बटण दाबायला जातात. मी त्यांचं म्हणणं अम्मांना सांगितलं. अम्मा म्हणाल्या, "तिला सांग, तुझी सुई तुझ्याकडं, माझा रोजा माझ्याकडं."

तिसऱ्या रोज्याला दुपारी अम्मा मोरीच्या दारात कोसळल्या. घामाने गच्च, डोळे फिरलेले. बाईंनी धावत येऊन जिभेखाली साखर घातली, रिक्षा आणली, आणि आम्ही अलिबाग गाठलं. दोन रात्री मी वॉर्डात प्लास्टिकच्या स्टुलावर काढल्या. पाठीला टेकायला काही नाही, डोळा लागला की कलंडायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सकाळचं खाणं आणि त्यानंतरच्या गोळ्या चुकल्या तर पुढच्या वेळी इथवर पोचाल याची खात्री नाही. नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, म्हाताऱ्या आजारी माणसाला माफ आहे, फिदया देऊ, एका रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. हे मी अम्मांना उशाशी बसून समजावलं. त्यांचं डोकं त्या घटकेला लख्ख होतं. म्हणाल्या, "फिदया माझ्या मागून द्या. मी हाय तवर रोजा हाय." आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दहाच्या सुमाराला अम्मा खाटेवर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "न्याहारी न्हाय का गो आज?" पहाटे सेहरीला उठून दूध-शेवया खाल्लेली बाई ही. रमजान आहे हे पार पुसलं गेलं होतं. पटकन नाचणीची पेज केली, मीठ आणि थोडं तूप घातलं, आणि भरवायला बसले. अर्धी वाटी झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझा चाय कुठाय?"

"माझा रोजा आहे ना," मी बोलून गेले.

त्यांचं तोंड तिथल्या तिथे थांबलं. घास ओंजळीत थुंकला आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांचं काही चोरलंय. "मी खाल्लं?" त्यांनी विचारलं. "रोज्यात खाल्लं मी?" रडायला लागल्या. ऐंशीची बाई, लहान मुलासारखी हमसून.

मला सुचलं ते मी बोलले. "अम्मा, विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही. तुम्हीच शिकवलंत मला. विसरलेल्याला अल्लाच खाऊ घालतो."

खोटं नव्हतं ते. आमच्या दीनमध्ये तसंच आहे. विसरून कोणी पोटभर जेवला तरी त्याचा रोजा शाबूत, आठवलं की थांबायचं एवढंच. अम्मांनी डोळे पुसले, विचार केला, चूळ भरली. "व्हय," त्या म्हणाल्या. "अल्लानं भरवलं." मगरिबपर्यंत मग त्यांनी थेंब घेतला नाही. पण अर्धी वाटी पोटात गेली होती, आणि पेजेच्या दुसऱ्याच घासात मी सकाळच्या गोळ्या सरकवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ते जाणूनबुजून केलं.

मग रोजच. माझा हात बसला त्यात. मशिदीचं रमजानचं वेळापत्रक भिंतीवरून काढून कपाटात टाकलं. माझ्यासमोर रिकामा कप ठेवायला लागले, म्हणजे "तुझा चाय कुठाय" हा प्रश्न येऊ नये. पेज पातळ करायची, म्हणजे भरभर जाते, आठवायच्या आत वाटी संपते. कधी शेवटच्या चमच्याला आठवायचं, कधी खाऊन झाल्यावर अर्ध्या तासाने ओठ चाटताना. दचकायच्या, माझ्याकडे बघायच्या. मी माझं वाक्य म्हणायचे, "विसरून खाल्लंत अम्मा, अल्लाने भरवलं." त्या चूळ भरायच्या. रात्री पुन्हा नियत.

बाईंनी एका सकाळी बोटाला सुई टोचली आणि आकडा बघून खूश झाल्या. "भाभी, कसं जमवलंत हो?" मी सांगितलं. त्या आधी हसल्या. "तुमचं कडक आहे बाई. आम्ही पळीभर पाणी सोडून संकल्प करतो आणि मग दिवसभर साबुदाण्याची खिचडी हाणतो." मीही हसले. जाताना चपला घालताना त्या म्हणाल्या, "देव भावना बघतो. तुमची भावना चांगली आहे ना, झालं तर."

ते वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. त्यांच्या सुईपेक्षा जास्त. कारण भावना चांगली आहे की नाही हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. खरं सांगते, पेज भरवताना माझ्या डोळ्यांसमोर अम्मांचा जीव नसायचा. अलिबागच्या वॉर्डातलं ते प्लास्टिकचं स्टूल असायचं. पुन्हा तिथे बसायला नको, पुन्हा रिक्षा, पुन्हा ती चादर, पुन्हा नवऱ्याचा "कशी आहे?" असा फोन, हे मला नको होतं. विसरलेल्याला अल्ला खाऊ घालतो हे ठीक, पण विसरायची वाट बघत चमचा घेऊन बसणारीला तो काय म्हणतो? मशिदीतल्या मौलवींना विचारता आलं असतं. आजाऱ्याला खायला घालायला कोण नाही म्हणणार होतं? पण ते विचारतील, बाई, तुझी नियत काय होती, याची मला भीती वाटली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं करतेस, सवाब मिळेल." त्याचं काय जातंय? त्याच्या जहाजावर इफ्तारीला पाच प्रकार असतात, फोटो पाठवतो.

रमजान उतरणीला लागला आणि माझाही जीव मेटाकुटीला आला. अम्मांची रात्र दिवस व्हायची आणि दिवस रात्र. एका रात्री तीन वेळा खाट ओली झाली. तीन वेळा मी त्यांना उठवलं, पुसलं, कपडे बदलले, चादर बदलली. तिसरी चादर बादलीत टाकली आणि त्यांच्या पायथ्याशी टेकले. पाच मिनिटं बसू, मग चहा टाकू, सेहरी करू, नियत करू, असं म्हणून.

जाग आली ती जेट्टीवरच्या फेरीबोटीच्या भोंग्याने. भिंतीवर ऊन आलं होतं.

मी तशीच बसून मनात मागे मागे गेले. झोपण्याआधी नियत केली होती का? इफ्तारनंतर? तरावीह तर अर्धी बसून, अर्धी पेंगत केली होती. काल मगरिबपासून डोळा लागेपर्यंत उद्याच्या रोज्याचा विचार तरी एकदा डोक्यात आला होता का? तेवढा आला असता तरी मी मनाला समजावलं असतं. पण डोक्यात नुसत्या चादरी होत्या. सुकल्या का, पुरतील का, कुठल्या दोरीवर टाकायच्या. "आता करू" म्हटलेली नियत नियत नसते. रोजा नव्हता म्हणजे नव्हता. सेहरीशिवाय, पाण्याच्या घोटाशिवाय अख्खा दिवस उपाशी राहायचं, आणि तो रोजा म्हणून धरला जाणार नाही. मला रडू आलं, पण ते भक्तीचं नव्हतं. नुसता संताप होता. कोणावर ते सांगता येणार नाही, कारण त्यात अम्मा होत्या, नवरा होता, आणि ज्याच्यासाठी रोजा धरायचा तोही होता.

दहाला पेज केली. अम्मा पेंगुळलेल्या होत्या. चार-पाच घास आणि गोळ्या घेतल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. उरलेली अर्धी वाटी घेऊन मी स्वयंपाकघरात आले. पेज कोमट होती. वर तुपाचा डाग पसरला होता.

मी ती खाल्ली. विसरून नाही. पूर्ण शुद्धीत, ओट्याला टेकून, मुसलमानाच्या घरात, रमजानच्या दिवसात. पहिला चमचा, दुसरा चमचा, मग चमचा बाजूला ठेवून वाटीच तोंडाला लावली. पोटात ऊब उतरली आणि मला इतकं बरं वाटलं की लाजसुद्धा वाटली नाही.

वाटी खाली घेतली तर दारात अम्मा उभ्या.

चौकटीला धरून उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. त्यांचे डोळे स्वच्छ होते, अलिबागला मी उशाशी बसले होते तेव्हा होते तसे. माझ्या वरच्या ओठावर पेज लागली होती आणि ती पुसायलाही माझा हात उठेना. याच बाईने मला दारात उभं राहून नियत शिकवली होती.

अम्मा सावकाश पुढे आल्या. माझ्या हातातून वाटी घेतली.

"विसरलीस गो," त्या म्हणाल्या. "विसरून खाल्लंस. अल्लानं भरवलं."

माझंच वाक्य. माझ्याच सुरात, पाठीवरून हलका हात फिरवावा तसं. मी म्हटलं, "अम्मा, मी विसरले नव्हते."

"मी इचारलंय का तुला?"

नळ सोडून त्यांनी वाटी विसळली. दोन वर्षांत त्यांनी घरातल्या एका भांड्याला हात लावला नव्हता. वाटी पालथी घातली, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "तोंड धू. आनि पड जरा. मी हाय जागी."

मी त्यांच्याच खाटेवर पडले. दुपार कलल्यावरच्या असरच्या अजानपर्यंत मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा अम्मा पायथ्याशी तसबीहची माळ घेऊन बसल्या होत्या, मी रात्री बसले होते त्याच जागी. मगरिबला त्यांनी खजूर स्वतः न घेता आधी माझ्यापुढे धरला. रोजा नसलेल्या बाईने तो घेतला आणि खाल्ला.

त्या दिवसाचा कजा रोजा मी ईदेनंतर धरला. मुद्दाम खाल्ल्याची तौबाही केली. ते माझं आणि अल्लाचं, त्याबद्दल मला फारशी चिंता नाही. चिंता होती ती वेगळीच. अम्मांना माझं वाक्य पाठ झालं होतं म्हणून त्या तसं बोलल्या, की इतके दिवस त्यांना सगळं कळत होतं? कळत असेल तर माझ्या हातची पेज त्या विसरून खातच नव्हत्या. मग मी त्यांचा एकेक रोजा माझ्या हाताने बुडवला होता, आणि त्या तोंड उघडून मला ते करू देत होत्या. विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारून उपयोगही नव्हता, इफ्तार आटोपेपर्यंत त्या पुन्हा मला फेरीवरची तिकीटवाली समजल्या होत्या.

मी पेज खाल्ली त्याच दिवशी रात्री तरावीह झाल्यावर मी अंथरूण घालत होते. अम्मा खाटेवरून म्हणाल्या, "नियत केलीस?"

त्या रमजानात हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "करते."

"बोल बरं."

मी बोलले. उद्याचा रोजा, रमजानचा फर्ज, अल्लासाठी. सावकाश बोलले, आणि बोलताना मन खरोखरच जागेवर आलं, कारण दुसरीकडे कुठे जायची त्याच्यात धुगधुगी उरली नव्हती. अम्मांनी मान हलवली. मग उशीवर डोकं टेकलं. मी दिवा मालवून त्यांच्या पुटपुटण्याची वाट बघत राहिले. ती सवयच झाली होती. त्यांचं म्हणून झालं की दिवस संपला, असं मला वाटायचं.

त्यांनी काही म्हटलं नाही. बराच वेळ त्यांचे डोळे उघडे होते, अंधारात कळत होते. मग कूस वळवली आणि झोपल्या. पहाटे सेहरीला हाक मारली तर हात झटकला, उठल्याच नाहीत.

सकाळी दहाला मी पेज घेऊन गेले. रिकामा कपही घेतला होता. अम्मा आधीच उठून भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी चमचा भरला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऐक गो," त्या म्हणाल्या. "रात्री माझी नियत करायची ऱ्हायली. आज मला रोजा न्हाय."

साठ-पासष्ट वर्षांत जी एका रात्रीही चुकली नव्हती, ती नियत.

"आजारी मानूस मी, मला मान-बिन राखायचा न्हाय. आन ती पेज. आनि तो कप उचल, उगाच काय रिकामा मांडतंस."

चमचा त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि स्वतः खायला लागल्या. मी कप उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. परत आले तेव्हा वाटी रिकामी होती.

ईदेपर्यंत मग तसंच चाललं. रोज रात्री त्यांनी माझ्याकडून नियत म्हणून घेतली, आणि रोज सकाळी स्वतःची राहिली म्हणून सांगितलं. मधल्या दिवसांत त्या माझं नाव विसरल्या, घर विसरल्या, एकदा तर स्वतःच्या मुलाला फोनवर ओळखलं नाही. या दोन गोष्टी मात्र एकदाही विसरल्या नाहीत.